तक्रार क्रमांक एकेचाळीस

त्याची नि माझी ओळख झाली ती मी फेकलेल्या माऊसमुळे.

फेकला असंही अगदी म्हणता येणार नाही. मी तो टेबलावर आपटला, तो उसळला आणि दारातून आत येणाऱ्या एका अनोळखी माणसाच्या बुटावर जाऊन पडला. झाकण एकीकडे, माऊस दुसरीकडे. आतला सेल गडगडत कपाटाखाली गेला.

तो माणूस खाली बघत उभा राहिला. मग वाकला. माऊस उचलला, झाकण उचललं, गुडघे टेकून कपाटाखाली हात घातला आणि सेल शोधून काढला. शर्टाच्या कडेला पुसलासुद्धा! हे सगळं इतकं निवांत चाललं होतं, की तेवढ्या वेळात माझं दोनदा सॉरी म्हणून झालं होतं.

"कधीपासून होतंय असं?" त्याने विचारलं.

"कालपासून. तुम्ही लोकांनी ती नवी सिस्टीम टाकलीत ना, तेव्हापासून हा माऊस अडखळतोय. हात इथे, बाण तिथे!"

तो गप्प. एक... दोन... तीन...

"माऊसचं लिहिलंय तक्रारीत," तो म्हणाला. "मी रागाबद्दल विचारत होतो."

मागच्या टेबलावरून काका खुदकन हसले. काका म्हणजे माझ्या नात्यातले कोणी नव्हेत. शहराच्या पाणीपुरवठा कचेरीत, आमच्या नकाशा विभागात, पस्तीस वर्षं हाताने नकाशे काढणारे ते आरेखक. सगळेच त्यांना काका म्हणतात. संगणकाचं काही बिघडलं की त्यांना मनापासून आनंद होतो.

माझं काम काकांच्या उलटं. जमिनीखालून गेलेल्या पाण्याच्या नळांचे सत्तर-सत्तर वर्षं जुने नकाशे टेबलावर पसरायचे आणि त्यांची रेघ न् रेघ संगणकात उतरवायची. ते कागद इतके जीर्ण, की माऊसची वायर नुसती घासली तरी कड फाटते. म्हणून मला खास बिनवायरचा माऊस दिलेला. शनिवारी कचेरीतल्या सगळ्या, म्हणजे एकेचाळीस, संगणकांवर नवी सिस्टीम चढली, आणि सोमवारी माझा तो शहाणा माऊस एकदम म्हातारा झाला. हात हलवला की बाण आधी विचार करायचा, मग निघायचा, आणि निघाला की थांबायचं विसरायचा. त्याच दिवशी खोदकामाच्या मुकादमांचा फोन आला.

"ताई, तुमच्या कच्च्या नकाशात पाणी बंद करायचा व्हॉल्व्ह न्हाव्याच्या खुर्चीखाली दाखवलाय. काय करू? खुर्ची उचलू की गिऱ्हाईक?"

आता सांगा, माऊस आपटणार नाही तर काय करणार माणूस?

तो खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला. सेल बदलला. "एक गोल काढा."

मी काढला. पडद्यावर बटाटा उमटला.

"उद्या बघू," तो उठत म्हणाला.

"उद्या? अहो, आजच बघा की! पुढच्या शनिवारपर्यंत मला जुन्या पेठेचा नकाशा द्यायचाय. सोमवारी तिथे खोदायला घेणार आहेत."

एक... दोन... तीन... "आज सेल बदलला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चार गोष्टी एकदम केल्या तर बरं कशाने झालं ते कळत नाही."

"आणि माझ्या नकाशाचं काय?"

"सावकाश काढा. मलाही घाई आहेच. चाळीस तक्रारी मिटल्या. ही एकेचाळिसावी मिटली की माझी इथून सुटका."

तो गेला. मी मनातल्या मनात त्याचं नाव 'सावकाश' ठेवून टाकलं आणि लवकरात लवकर ही ब्याद टळू दे म्हणून प्रार्थना केली. हो, खरंच केली. आता आठवलं की माझंच मला हसू येतं.

दुसऱ्या दिवशी बरोब्बर तीनला तो हजर. संगणकाच्या मागे लावलेला माऊसचा नखाएवढा रिसीव्हर काढून परत बसवला. बटाटा. तिसऱ्या दिवशी त्याला सापडलं, की नव्या सिस्टीमने वीज वाचवण्यासाठी रिसीव्हरला मध्येमध्ये झोपायची मुभा दिलीय. ती बंद केली. बटाटा थोडा सुधारला, पण बटाटाच.

यंत्रांना हात लावून बघायची त्याला सवय होती. पडद्याच्या पाठीवर, संगणकाच्या कुशीवर, प्रत्येक वस्तूवर तळवा टेकायचा. लहान मुलाचा ताप बघावा तसा. त्याचा हात एवढा शांत कसा राहतो, हे बघता बघता मी एकदा उत्तर द्यायचीच विसरले.

"काय विचारलंत?"

"पाणी मिळेल का, म्हणून विचारलं."

पाणीपुरवठा कचेरीत बसून मी त्या माणसाला तहानलेला ठेवला होता! काकांनी उठून पेला आणून दिला, आणि देताना माझ्याकडे असं काही बघितलं की मी कागदात तोंड खुपसलं.

त्याच दिवशी तो मला पुढच्या नेमणुकीबद्दल सांगत होता. डोंगरावरच्या गावात त्याच्या कंपनीची शाखा आहे. तिथे एक मोठी खोली, खिडकीखाली लांबच लांब बाक, आणि बंद पडलेली यंत्रं. लोक ज्या वस्तू टाकून देतात, त्या तिथे दुरुस्त करायच्या. ती खोली आता त्याच्या ताब्यात मिळणार होती. सात वर्षं मागत होता म्हणे.

"लोकांना धीर नसतो," तो म्हणाला. "जरा अडलं, की दिलं फेकून." आणि माझ्या माऊसकडे बघितलं.

"फेकला नव्हता. निसटला!"

एक... दोन... तीन... चार... "माझ्या बुटावर खूण आहे."

हसताना त्याच्या डाव्या गालाला अगदी बारीक खळी पडायची. तीसुद्धा उशिराच. हसू येऊन गेल्यावर, मागाहून.

शुक्रवारी दुपारी पावणेतीनला मला रोग सापडला.

काकांना एका जुन्या नकाशाची प्रत हवी होती. म्हणून संगणकाच्या मागे लावलेली माझी डिस्क मी काढली. सिस्टीम बदलायच्या आदल्या दिवशी सगळे नकाशे त्या डिस्कवर उतरवून ठेवले होते, आणि तेव्हापासून ती तिथेच राहिली होती, रिसीव्हरच्या अगदी खांद्याला खांदा लावून. डिस्क काकांना दिली, जागेवर आले, सहज माऊस हलवला... आणि बाण हाताबरोबर धावला! गोल काढला. बांगडीसारखा गोल! काकांकडून डिस्क आणून परत लावली. बटाटा. काढली. बांगडी. लावली, बटाटा. सिस्टीम बिचारी निर्दोष होती. आठवडाभर तिच्या नावाने उगाच खडे फोडले मी.

मी आनंदाने ओरडणारच होते. तेवढ्यात घड्याळाकडे लक्ष गेलं. तीनला पाच कमी. आता तो येणार, मी सांगणार, तक्रार मिटणार... आणि मग?

मग तो जाणार. सोमवारी तीन वाजता त्या दारातून कोणी आत येणार नाही, हे मनात आलं आणि सगळा आनंद विरून गेला. ज्या माणसाची ब्याद टळावी म्हणून मी प्रार्थना केली होती, त्याच माणसासाठी!

मी डिस्क उचलली आणि मुकाट्याने परत जागेवर लावली.

"अजून तसाच?" त्याने आल्यावर विचारलं.

"तसाच," मी म्हणाले, आणि आयुष्यातला सर्वांत मन लावून काढलेला बटाटा त्याला दाखवला.

पुढचा आठवडा माझा असा गेला, की सकाळी नकाशा आणि दुपारी तक्रार. आल्या आल्या डिस्क काढून ठेवायची आणि जुन्या पेठेच्या गल्ल्यांतून भराभर नळ टाकत सुटायचं. पावणेतीन वाजले की डिस्क जागेवर, केस जागेवर, आणि चेहऱ्यावर गांजल्याचा भाव. तो यायचा, यादीतली पुढची एकच गोष्ट बदलायचा, इकडेतिकडे तळवा टेकून बघायचा, आणि मी गोल काढायचे.

"कालच्यापेक्षा आजचा बरा आहे," तो म्हणायचा.

"कशावरून?"

"कालचा मोड आलेला होता."

एवढ्याशा गोष्टीवर दोघं किती वेळ हसत बसायचो! पूर्वी त्याच्या उत्तराआधीची ती शांतता मला सोसायची नाही. मी मध्येच तोंड घालायचे, त्याचं वाक्य मीच पुरं करायचे, आणि हमखास चुकीचं पुरं करायचे. आता मला त्या तीन सेकंदांची गोडी लागली होती. तेवढा वेळ त्याच्या डोळ्यांकडे बघता यायचं ना.

घरी मात्र वहिनीने मला पकडलंच.

"काय गं," सकाळी मी इस्त्री करत असताना ती दारात येऊन उभी राहिली. "माऊस अजून बिघडलेलाच?"

"हो ना. काय करणार."

"आणि तो दुरुस्त व्हायला तुला रोज नवे कानातले घालावे लागतात?"

"वहिनी!"

"नाही, मी आपलं विचारलं. तंत्रातलं मला काय कळतंय?" असं म्हणून तिने तिचे आवडते निळे कानातले माझ्या हातावर ठेवले. "पण एक सांगू? बिघडलेलं असल्याचं सोंग फार दिवस नाही टिकत गं. सांगून टाक एकदा त्याला."

ते निळे कानातले घालून मी शुक्रवारी कचेरीत गेले. आज सांगणार, असं रस्ताभर घोकत. पण कचेरीत पाऊल टाकताच काकांनी चष्मा वर केला.

"नकाशा झाला?"

"एक गल्ली राहिलीय."

"अडखळत अडखळत बराच पुढे गेला की." काकांनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांचा आवाज नेहमीसारखा खट्याळ नव्हता. "सकाळी फोन आला होता त्या पोराच्या वरिष्ठांचा. सोमवारी सकाळी तो डोंगरावर हजर झाला नाही, तर ती खोली दुसऱ्याला देणार आहेत. आणि नियम असा आहे, की तक्रार करणाऱ्याने स्वतः 'मिटली' म्हटल्याशिवाय त्याला इथून सोडत नाहीत. उरलीय फक्त एकच तक्रार."

 काका पेन्सिलीला टोक काढत बसले.

सात वर्षं मागितलेली खोली. खिडकीखालचा लांब बाक. आणि मी? रोज दुपारी पाच मिनिटं त्याला हसताना बघायला मिळावं म्हणून ती अडवून बसले होते. स्वतःचीच अशी लाज वाटली, की निळे कानातले काढून पर्समध्ये टाकले. शेवटची गल्ली कशीबशी पुरी केली. व्हॉल्व्ह न्हाव्याच्या दुकानातून उचलून रस्त्याच्या कडेला, त्याच्या हक्काच्या जागी नेऊन ठेवला.

तीनला तो आला. त्या दिवशी डिस्क मागे लावलेली नव्हती. ती मी समोर टेबलावर ठेवली होती, पुराव्यासारखी.

"बसा," मी म्हणाले. "नाही, बसू नका. उभेच राहा. बसलात तर मला सांगता येणार नाही."

तो उभा राहिला.

"दोष या डिस्कचा आहे. ही रिसीव्हरला चिकटून असली की माऊस अडखळतो, काढली की पळतो. मला हे मागच्या शुक्रवारपासून माहीत आहे. मी... मी रोज तुम्ही यायच्या आधी ती परत लावत होते. मुद्दाम. तुमची खोली माझ्यामुळे जायची वेळ आली. मला ते ठाऊक नव्हतं, पण म्हणून काही माझा गुन्हा कमी होत नाही. मी आत्ता तक्रार मिटवते. आणि का केलं ते पण सांगते, कारण आज नाही सांगितलं तर मी कधीच सांगणार नाही. मला तुम्ही आवडता. फार आवडता. तुमचं ते... गप्प राहणंसुद्धा. झालं. आता तुम्ही बोला."

एक. दोन. तीन.

काकांच्या पेन्सिलीचा आवाज थांबला होता.

चार. पाच. एरवी पाचाला मी तोंड उघडतेच. काहीतरी बडबडून, हसण्यावारी नेऊन मोकळी होते. जीभ दाताखाली धरून ठेवली. सहा. सात. पंख्याने नकाशाचा कोपरा उचलला, त्याने तो नुसत्या बोटाने दाबून धरला. आठ. नऊ. मी वाट बघितली. जन्मात पहिल्यांदा कोणाची तरी इतकी वाट बघितली.

"डिस्क गार होती," तो म्हणाला.

"काय?"

"सोमवारी. माझ्या यादीत डिस्क पाचवी होती. सोमवारी तिच्यापाशी पोचलो, हात लावला, तर गार. सकाळपासून चालू असलेली डिस्क दुपारी तीनला गार कशी असेल? म्हणजे नुकतीच कोणीतरी लावलेली. मंगळवारी बघितलं, गार. बुधवारी गार." त्याने माझ्याकडे बघितलं. "दोन्हींच्या लहरी एकमेकींत मिसळतात, हे मला कळलं होतं. पण तुम्ही ती परत का लावता, ते... म्हणजे कळलं असं वाटत होतं. खात्री नव्हती."

"म्हणजे तुम्हाला सोमवारपासून माहीत होतं? आणि बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर तक्रार मिटली असती."

आता गप्प बसायची पाळी माझ्यावर आली. किती सेकंद गेले ते मला विचारू नका, मोजायचं भानच नव्हतं. मागून काकांचा आवाज आला.

"अरे, मिटवा रे आता ती एकदाची! माझ्या पेन्सिलीला एवढं टोक झालंय, की डोळ्यात जाईल कोणाच्या तरी."

आम्ही दोघंही हसत सुटलो. हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलं नाही. पडद्यावर तक्रारीचं पान उघडलं. 'तक्रारीचं निवारण झालं का?' खाली दोन चौकोन, होय आणि नाही. मी माऊसवर हात ठेवला. बाण जराही न अडखळता, सरळ, अगदी शहाण्यासारखा 'होय'वर जाऊन थांबला. मीच अडखळले.

"दाबलं की तुम्ही जाणार."

"अडीच तासांची वाट आहे," तो म्हणाला. "रविवारी सुट्टी असते मला. आणि खोलीला खिडकी आहे."

मी दाबलं.

"आता पुढे काय बदलायचं?" मी विचारलं.

"एका वेळी एकच," तो म्हणाला, आणि मग ती खळी पडली, उशिरा, मागाहून. "आधी तू मला 'तुम्ही' म्हणणं बंद कर."

शनिवारी त्याची गाडी सुटली. नकाशा वेळेवर गेला. सोमवारी मुकादमांचा फोन आला, की व्हॉल्व्ह अगदी दाखवलाय तिथेच सापडला आणि न्हाव्याने मनापासून आभार मानलेत. मंगळवार, बुधवार, गुरुवार कसे गेले ते माऊसला विचारा. तीन वाजले की मी उगाचच गोल काढत बसायचे. सगळे अगदी गोल यायचे. मला ते मुळीच आवडायचे नाहीत.

रविवारी मी पहिल्या गाडीत बसले. कानात वहिनीचे निळे कानातले, मांडीवर पिशवी, पिशवीत डिस्क. डिस्क कशाला घेतली म्हणाल, तर तिच्याशिवाय आमची गोष्ट पुढे गेली असती का? वाटेत मी मनाशी ठरवून टाकलं होतं, की हा माणूस काही वेळेवर येणार नाही. गाडी थांबेल, मी उतरेन, आणि मग हा सावकाश, रमत-गमत, वीस मिनिटांनी उगवेल. हरकत नाही, आता मला थांबता येतं. वाचायला पुस्तकही घेतलं होतं.

गाडी थांबली. खिडकीतून बघितलं, तर तो समोरच्या बाकावर बसलेला. शेजारी चहाचे दोन रिकामे पेले, आणि तिसरा हातात.

"किती वेळ झाला येऊन?" मी उतरत विचारलं.

"तास झाला," तो म्हणाला. ताबडतोब. एकही सेकंद न घेता.

"गाडी तर वेळेवर आलीय."

"हो. गाडी वेळेवर आली," तो उठला आणि माझ्या हातातली पिशवी घेतली. "मलाच दम निघाला नाही."